गंध एक, वेळा तीन

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात मधमाश्यांच्या तीन जाती शेजारी शेजारी नांदतात. झुडपाच्या डहाळीला छोटंसं एकच पोळं बांधणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत समांतर पोळी रचणारी सातेरी आणि काटेसावरीसारख्या उंच झाडाला भलंमोठं पोळं टांगणारी आग्या. मीलनासाठी उडालेली राणी गंध सोडते आणि नर त्या मागावर धावतात. या गंधातला प्रमुख घटक तिन्ही जातींत एकच आहे. तरीही नरांची गल्लत होत नाही, ती का?

उत्तर वेळापत्रकात आहे. निकोलाउस कोनिगर आणि विजयगुणसेकर यांनी श्रीलंकेत या तिन्ही जातींच्या नरांचं उड्डाण टिपलं आणि 1976 मध्ये ते प्रसिद्ध केलं. फुलोरीचे नर दुपारी 12 ते अडीचच्या दरम्यान उडतात, सातेरीचे साधारण सव्वाचार ते सव्वापाच आणि आग्याचे संध्याकाळी 6 ते पावणेसात. प्रत्येक जातीची राणीही आपल्याच वेळेला बाहेर पडते. आकाश तेच, गंधही तोच. पण एकीची वेळ सरल्यावर दुसरीची सुरू होते.

नर मध गोळा करत नाही, त्याला नांगीही नसते. त्याचे प्रचंड डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, ते उडती राणी हेरण्यासाठी. अनेक पोळ्यांतले नर हवेतल्या ठरावीक जागी जमतात. आग्याचे नर उंच झाडाच्या पसरलेल्या फांद्यांखाली जमल्याचं बोर्निओत दिसलं आहे, तर सातेरीचे नर झाडांच्या शेंड्यांजवळ जमल्याचं श्रीलंकेत. युरोपीय मधमाशीचे नर एकाच उड्डाणात अशा अनेक जागांना भेट देतात, हे इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे रडारच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासातून 2021 मध्ये समोर आलं. या मधमाशीत मेळाव्याची जागा वर्षानुवर्षं टिकते, नर मात्र पुढचं वर्ष पाहत नाहीत. दरवर्षी नवी पिढी त्याच ठिकाणी पोहोचते.

राणी आली की नरांचा थवा धूमकेतूच्या शेपटीसारखा तिच्यामागे लांबतो. मीलन काही सेकंदांचं. त्यात नराचं जननांग बाहेर उलटतं आणि तो मरतो. राणी मात्र एकामागून एक अनेक नरांशी मीलन करते. त्यांचे शुक्राणू ती शरीरातल्या एका पिशवीत साठवते आणि पुढे आयुष्यभर त्यातून पुरवून वापरते.

इतक्या नरांची गरज का पडते? नर अफलित अंड्यातून जन्मतो, म्हणजे त्याला बाप नसतो. हे योहान झिएरझोन यांनी 1845 मध्ये मांडलं. मधमाशीत लिंग ठरवणाऱ्या जनुकाची अनेक रूपं आहेत. फलित अंड्यात दोन वेगळी रूपं आली तर मादी घडते. राणीकडच्या दोन रूपांपैकी एक जोडीदार नराच्या रूपाशी जुळलं, तर त्या नरापासून झालेल्या निम्म्या अंड्यांतून कामकरी माश्यांऐवजी नर-अळ्या निघतात. कामकरी माश्या त्या खाऊन टाकतात आणि वसाहतीचं बळ घटतं. नात्यातला जोडीदार मिळाला की हा धोका वाढतो. अनेक पोळ्यांतले नर एकत्र आले, तर तो कमी होतो. शिवाय अनेक बापांच्या लेकी असलेली वसाहत रोगांना अधिक चांगलं तोंड देते.

म्हणूनच एखादं पोळं वाचवणं पुरेसं नाही. परिसरात भरपूर पोळी हवीत आणि मेळाव्यासाठी उंच झाडंही हवीत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग परिसरातल्या वाड्या व मोठी झाडं आडवी केली. पुन्हा लागवड करताना बांधावर काटेसावर, बेहडा यांसारखे उंच वृक्षही लावायला हवेत. फणसाड अभयारण्यातल्या जुन्या झाडांचं मोलही याच हिशेबात धरलं पाहिजे.

मध काढण्याची रीतही बदलली पाहिजे. आगीने पोळं जाळलं की अंडी आणि अळ्यांसोबत पुढच्या मीलनाचे नरही जातात. पोळ्यातला मधाचा भाग तेवढा कापून घेतला आणि पिल्लांचा भाग राखला, तर वसाहत सावरते. सातेरी आणि आग्या यांचा परागीभवन-फळधारणेतला वाटा आपल्याला हवा असेल, तर त्यांच्या मीलनाचं आकाशही आपणच राखायचं आहे.