नैवेद्याच्या ताटातील नवे पक्वान्न

दीपावली हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो फराळाचाही सण होय. वसुबारस उजाडण्यापूर्वीच घरोघरी भाजणीचा खमंग वास दरवळू लागतो. करंज्या, अनारसे, शंकरपाळे, लाडू यांचे डबे फळीवर ओळीने बसतात. अलीकडे या ओळीत एक नवा डबा येऊन बसला आहे. 'ब्राऊनी' हे त्यातील पदार्थाचे नाव. चॉकलेट, लोणी, साखर व मैदा एकत्र करून भाजलेली ही तपकिरी, मऊसर वडी आता खेड्यापाड्यांतील मुलीही घरी करू लागल्या आहेत.

मध्यंतरी कीर्तन आटोपल्यावर नमस्कारास आलेल्या एका आजीबाईंनी विचारले, "बुवा, नात म्हणते, दिवाळीत फळे घालून ब्राऊनी करते आणि पहिली वडी देवापुढे ठेवते. ठेवू द्यावी का हो?" प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे, परंतु त्याच्या उत्तरावर त्या मुलीचे देवघराशी असलेले नाते अवलंबून आहे. "असले काही देवाला चालत नाही," एवढेच उत्तर तिला मिळाले, तर पुढच्या वर्षीही ती ब्राऊनी करील, पण मैत्रिणीच्या घरी. आणि देवघराच्या उंबरठ्याशी पुन्हा काही विचारावयास येणार नाही. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार केला पाहिजे. पदार्थ कुठला, त्यात काय पडते आणि तो कसा केला जातो, अशा तीन अंगांनी तो करू.

पहिला आक्षेप परदेशीपणाचा. ब्राऊनी अमेरिकेची, हे खरेच. १८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा बर्था पामर यांनी, स्त्रियांना डब्यातून नेता येईल असा सुटसुटीत गोड पदार्थ करण्यास तेथील पामर हाऊस या हॉटेलला सांगितले, आणि त्यातून ही वडी जन्मली, असे त्या हॉटेलची परंपरा सांगते. तिच्यात अक्रोड होते आणि वरून जर्दाळूच्या पाकाचा लेप होता; म्हणजे फळाची संगत तिला आरंभापासूनच आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्याच नगरीत, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांची वाणी तेथे दुमदुमली, हे आपणांस ठाऊकच आहे.

परंतु परदेशी म्हणून वर्ज्य, असा न्याय लावावयाचा, तर आपल्या एकादशीच्या फराळाचे काय करावे? साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही मूळची अमेरिका खंडातली. १४९८ साली पोर्तुगीज दर्यावर्दी आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतरच्या शतकांत त्यांची ओळख या भूमीला झाली. देवापुढे आपण जो चिकू ठेवतो, पेरू ठेवतो, प्रसादाच्या शिऱ्यात काजू घालतो, त्यांचे मूळही तिकडेच. चॉकलेट ज्यापासून होते तो कोको याच मंडळींचा सोयरा आहे. तो आपल्या दारी जरा उशिरा आला, इतकेच.

आता तर तो पाहुणाही राहिलेला नाही. केरळ, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडू येथील नारळी-पोफळीच्या बागांतून, त्या उंच झाडांच्या सावलीत कोको पिकतो. कर्नाटकातील पुत्तूर येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून उभा आहे. या झाडाचे फळ फणसाप्रमाणे थेट खोडालाच लागते. आत गोडसर पांढऱ्या गरात बिया असतात. त्या काही दिवस आंबवून, उन्हात वाळवून, भाजून वाटल्या की कोको सिद्ध होतो. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ साली या झाडाला ग्रीक भाषेतून 'थिओब्रोमा' असे नाव दिले. त्याचा अर्थ 'देवांचे अन्न'. मध्य अमेरिकेतील माया लोक आपल्या धर्मविधींत कोको देवांना अर्पण करीत. म्हणजे आपल्या मायभूमीत हा पदार्थ नैवेद्याचाच होता!

दुसरा प्रश्न द्रव्यशुद्धीचा, आणि येथे मात्र आजीबाईंची शंका रास्त आहे. मूळच्या ब्राऊनीत अंडे पडते. पीठ बांधून धरणे, ओलावा राखणे आणि वडी किंचित फुगविणे ही कामे ते करते. ही तिन्ही कामे पिकलेले केळे व दही मिळून उत्तम करतात. केळे बांधणी करते व ओलावा राखते. दह्याची आंबटी आणि खायचा सोडा यांच्या संयोगाने वायू निर्माण होऊन वडी हलकी होते. बाजारातून चॉकलेट आणताना वेष्टनावर शाकाहाराचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. व्हॅनिलाचा अर्क पुष्कळदा मद्यार्कात उतरविलेला असतो. तो न घालता संत्र्याच्या सालीचा कीस वापरावा. दिवाळीच्या सुमारास नागपुरी संत्री बाजारात येऊ लागतातच.

आता प्रत्यक्ष कृती. दीडशे ग्रॅम गडद चॉकलेटचे तुकडे व शंभर ग्रॅम बिनमिठाचे लोणी एका वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवावी व दोन्ही वितळू द्यावी. आत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये. गेल्यास चॉकलेट रवाळ होऊन घट्ट होते. खाली उतरवून त्यात सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर, एका मोठ्या पिकल्या केळ्याचा कुस्करलेला गर, चार मोठे चमचे ताजे दही आणि एका संत्र्याच्या सालीचा कीस घालावा. सालीचा केवळ केशरी भागच किसावा. आतील पांढरा भाग कडू लागतो. सव्वाशे ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे कोको, चहाचा पाव चमचा खायचा सोडा व चिमूटभर मीठ एकत्र चाळून त्यात हलक्या हाताने मिसळावे. मैदा दिसेनासा झाला की थांबावे. फार घोटल्यास वडी चिवट होते. शेवटी सहा-सात सुक्या अंजिरांचे तुकडे व मूठभर अक्रोड घालावेत. ताजी रसाळ फळे पिठात घालू नयेत, त्यांच्या पाण्याने वडी गिजगिजीत होते. चिकूच्या फोडी घालावयाच्या असतील तर त्या खाण्याच्या वेळी वर मांडाव्यात.

लोणी लावलेल्या आठ इंची डब्यात हे मिश्रण ओतून, आधी तापविलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन दहा मिनिटे तापवावे, आत तिवई ठेवून तीवर डबा ठेवावा आणि झाकण घालून मंद आचेवर सुमारे पाऊण तास भाजावे. मध्यभागी काडी घालून पाहिली असता तिला ओलसर कण चिकटावेत, पण पातळ पीठ लागू नये, ही खूण. पूर्ण निवाल्याखेरीज सुरी लावू नये, कारण गरम असताना वडी मोडते.

तिसरी गोष्ट आचाराची. नैवेद्य देवाला दाखविण्यापूर्वी चाखावयाचा नाही, ही आपली रीत. लाडवाची गोडी हाताच्या अंदाजाने साधणे नव्या मुलींना अवघड जाते. ब्राऊनीचे तसे नाही. तिचे सारे यश मापावर आहे. वजन चोख केले, वेळ नीट पाळली, की जिभेची साक्ष काढावी लागत नाही. या दृष्टीने पाहता आपली ही जुनी रीत पाळावयास हा नवा पदार्थ सोयीचाच आहे. मात्र मैदा उपवासाला चालत नाही. म्हणून कार्तिकी एकादशीला ब्राऊनी नको, पाडव्याला किंवा भाऊबीजेला खुशाल करावी.

'नैवेद्य' या शब्दाच्या मुळाशी 'निवेदन' आहे. आपल्या हातून जे घडले ते देवापुढे नम्रपणे सांगणे, म्हणजे निवेदन. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताच्या साध्यासुध्या अर्पणाचाही स्वीकार सांगितला आहे, तो त्यामागील भक्तीमुळे. नातीने स्नान करून, स्वच्छ ओट्यावर, मन लावून केलेली वडी तुळशीपत्र ठेवून देवापुढे मांडली, तर त्यात उणे ते काय? कुलाचाराचे पुरण, करंज्या, अनारसे आपापल्या जागी राहोत. त्यांना बाजूस सारून ब्राऊनी येऊ नये, त्यांच्या शेजारी यावी. आणि आजीने एवढे करावे: ब्राऊनी भट्टीत असताना जो अर्धा तास मोकळा मिळतो, त्यात नातीला आपल्या अनारशाचे पीठ भिजवायला शिकवावे. एका ओट्यावर दोन्ही पक्वान्ने झाली, की तो ओटा पुढल्या पिढीतही नांदता राहील. सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची व समाधानाची जावो.