नवं कॉलेज आलं, आता आपल्या पोरी कुणाशी खेळणार?

बचत गटात नवी बाई घ्यायची म्हटलं की बैठकीत काय काय होतं, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. एक म्हणते, घेऊन टाका, वस्तीतलीच आहे. दुसरी विचारते, बचत वेळेवर देईल का? तिसरी म्हणते, ती राहते टोल्यावर, मंगळवारच्या बैठकीला येणार कशी? आणि एखादी काही बोलत नाही, पण मनात तिचा हिशोब चालू असतो, की आता कर्जाचा नंबर अजून एकीने मागं जाणार. ग्रामसंघात नवा गट घेताना किंवा प्रभागसंघात नवा ग्रामसंघ घेताना हीच चर्चा थोड्या मोठ्या आवाजात होते.

आज आम्ही बोलणार आहोत कॉलेजच्या खेळांबद्दल. हे सुरुवातीलाच सांगण्याचं कारण असं, की तिथेही हाच प्रश्न असतो. कोणत्या कॉलेजनी कोणाबरोबर खेळायचं, त्या मंडळात नवं कॉलेज घ्यायचं की नाही, घेतलं तर प्रवास किती वाढणार आणि खर्च कोण करणार. आपल्या भागात बी.ए., बी.कॉम.ला शिकणाऱ्या पोरी कबड्डी, खो-खो खेळतात, धावतात. पोलीस भरती आणि वनरक्षक भरती डोळ्यासमोर ठेवून सकाळी रस्त्यावर पळणाऱ्या पोरी तर आता गावोगावी आहेत. त्यांच्या आयांना ही रचना माहीत असली पाहिजे.

आधी आपलंच बघू. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली कॉलेजं पूर्वी नागपूर विद्यापीठात होती. ते विद्यापीठ १९२३ चं. एके काळी सगळा विदर्भ त्याच्या पोटात होता. १९८३ मध्ये अमरावती वेगळं झालं. मग २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं आणि आपल्या दोन जिल्ह्यांतली कॉलेजं तिकडे गेली. परीक्षा, निकाल, मार्कशीट यांची चर्चा तेव्हा भरपूर झाली. खेळाचं मंडळही त्याच दिवशी बदललं, ते मात्र फार थोड्यांच्या लक्षात आलं.

फरक काय पडला? कॉलेजची टीम आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळते, म्हणजे एकाच विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये. त्यातून चांगले खेळाडू निवडून विद्यापीठाची टीम होते. २०११ पर्यंत सिंदेवाहीच्या पोरीला विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं असेल तर नागपूरच्या मोठमोठ्या कॉलेजांतल्या पोरींशी टक्कर द्यावी लागे. त्यांच्याकडे मैदान, कोच, बूट, सगळं. आणि स्पर्धा लागली नागपूरला, तर इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सिरोंचाच्या पोरीचा विचार करा. तिला गडचिरोलीच २०० किलोमीटरच्या वर आहे आणि नागपूर त्याच्याही पुढे. एका सामन्यासाठी दोन रात्री बाहेर. कोणती आई सहज हो म्हणेल?

मंडळ लहान झालं तेव्हा रस्ता थोडा जवळ आला. सिंदेवाहीहून मूलमार्गे चंद्रपूर काय, गडचिरोली काय, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. निवडीची जागाही जवळ आली. ज्या टीममध्ये आधी नागपूर शहरच जास्त दिसायचं, तिथं आता आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या पोरी असतात. अंगात गोंडवानाचा जर्सी घालून कुणी कोरचीची, कुणी राजुऱ्याची, कुणी नागभीडची बाहेरच्या राज्यात खेळायला जाते. ही आम्हाला मोठी गोष्ट वाटते.

पण दुसरी बाजूही आहे. लहान मंडळात जिंकणं सोपं होतं आणि बाहेर गेल्यावर अचानक जड जातं. रोज आपसातच खेळलं तर आपली चाल आपल्यालाच पाठ होते. म्हणून आमचं मत असं, की विद्यापीठ वेगळं असलं तरी नागपूर-वर्ध्याच्या कॉलेजांशी मैत्रीचे सामने व्हायला हवेत. त्यासाठी कुणाचं सभासदत्व बदलावं लागत नाही, फक्त गाडीभाडं आणि दोन सरांचा फोन लागतो.

आता वरचा मजला. देशातल्या विद्यापीठांची एक संघटना आहे, भारतीय विद्यापीठ संघ. ती १९२५ ची. तिने देशातल्या विद्यापीठांचे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे खेळाचे विभाग पाडले आहेत. महाराष्ट्र पश्चिम विभागात, म्हणून आपली टीम गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी खेळते. गंमत बघा. गडचिरोली जिल्ह्याला लागून छत्तीसगड आहे, ते खेळाच्या नकाशात पूर्व विभागात. सिरोंचाहून नदी ओलांडली की तेलंगणा, ते दक्षिण विभागात. म्हणजे ज्या गावांशी आपली सोयरीक आहे, बाजार आहे, बोली मिळते, त्यांच्या कॉलेजशी आपल्या पोरी विभागाच्या स्पर्धेत समोरासमोर येत नाहीत आणि राजस्थानपर्यंत मात्र रेल्वेने जातात. नकाशावर रेघ कुठून मारायची हा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्यांना राज्याची सीमा सोयीची वाटली असणार. रेघ कुठेही मारली तरी कोणीतरी काठावर राहतंच, आणि आपण काठावरचेच.

राज्यात आणखी एक स्पर्धा असते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा क्रीडा महोत्सव, ज्याला अश्वमेध म्हणतात. तो राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या पुढाकाराने १९९७ पासून होतो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि धावणं, उड्या, फेकी हे मैदानी खेळ त्यात असतात. आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. पहिली भुवनेश्वरला झाली.

नवं कॉलेज या मंडळात येतं कसं, ते थोडक्यात. संस्थेच्या मनात आलं आणि पाटी लावली, असं होत नाही. विद्यापीठ पाच वर्षांचा बृहत आराखडा करतं. कोणत्या तालुक्यात कोणत्या कॉलेजची गरज आहे, ते त्यात ठरतं. मग संस्था अर्ज करते, विद्यापीठ छाननी करतं, सरकार आधी इरादापत्र देतं आणि अटी पुऱ्या केल्यावर मंजुरी. शेवटी विद्यापीठाची संलग्नता. संलग्नता मिळाली की ते कॉलेज खेळाच्या मंडळातही आपोआप आलं. जुन्या कॉलेजांनी बसून मतं दिली, असं आपल्याकडे नसतं.

आणि इथेच आमचा एक आक्षेप आहे. नव्या गटाला कर्ज द्यायचं तर आपण प्रतवारी करतो. बैठका, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, वह्या, पाचही सूत्रं तपासतो. कॉलेजकडे मैदान आहे का, खेळ शिकवणारं पूर्णवेळ माणूस आहे का, मुलींना कपडे बदलायला खोली आहे का, हे कागदावर तपासतात तसं जागेवर जाऊन तपासलं जातं का? कागदावर मैदान असतं आणि प्रत्यक्षात तिथे धान वाळत असतं, असंही आम्ही पाहिलं आहे. कॉलेजचं नाव आम्ही घेत नाही. धान वाळवणाऱ्यांशीही भांडण नाही, मैदान रिकामं पडलं तर कोणीही वाळवणारच.

हाच विषय अमेरिकेत कुठल्या कुठे गेला आहे, तेही ऐका. तिथे विद्यापीठं आपापसात खेळासाठी मंडळं करतात. त्याला ते कॉन्फरन्स म्हणतात. नवा सभासद घ्यायचा की नाही हे तिथे जुने सभासद ठरवतात, अगदी आपल्या गटासारखं. एक मंडळ १८९६ चं आहे, त्याचं नाव बिग टेन, म्हणजे मोठे दहा. नावात दहा, पण २०२४ पासून सभासद अठरा. दोन किनाऱ्यांवरची विद्यापीठं एकाच मंडळात आली. एकाचं गाव पूर्वेच्या समुद्राजवळ, दुसऱ्याचं पश्चिमेच्या, मधे ४,००० किलोमीटरच्या घरात अंतर. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाचं एक मंडळ आहे. त्याने त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरची दोन विद्यापीठं घेतली. समुद्रच बदलला, नाव तेच!

असं का? पैशासाठी. तिथे विद्यापीठांच्या मुलांचा फुटबॉल, तो त्यांचा हाताने खेळायचा वेगळा फुटबॉल, टीव्हीवर करोडो लोक बघतात. टीव्हीवाले मंडळाला पैसे देतात आणि मंडळ ते सभासदांत वाटतं. ज्या नव्या सभासदामुळे टीव्हीचा पैसा वाढेल, त्याला बोलावणं येतं. जुनं मंडळ सोडून सगळे पळायला लागले. पॅक-१२ नावाच्या मंडळात बारा सभासद होते. २०२४ मध्ये दहा निघून गेले आणि दोनच उरले. गटातून दहा बाया एका दमात उठल्या तर अध्यक्ष-सचिवांनी काय करायचं? त्या दोघांनी मंडळ बंद केलं नाही, दुसऱ्या विद्यापीठांना आमंत्रणं द्यायला लागले.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. फुटबॉलची टीम आठवड्यातून एक सामना खेळते, विमानाने जाते, येते. पण मंडळ बदललं की व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुलींच्या टीमही त्याच मंडळात जातात. त्यांचे सामने जास्त, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. पैसा मुलांच्या फुटबॉलचा, प्रवासाचा शीण मुलींचा आणि बुडालेले वर्गही मुलींचे. तिथे १९७२ पासून कायदा आहे की सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजात मुलगा-मुलगी भेदभाव करता येणार नाही, खेळातही नाही. त्या कायद्याने मुलींना मैदान मिळालं, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण सभासद ठरवायच्या बैठकीत टीव्हीचा हिशोब आधी मांडला गेला.

आपल्याकडे टीव्हीचा पैसा नाही. म्हणून तसा लोभ नाही, आणि तसा निधीही नाही. प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्क म्हणून एक रक्कम असते, ती एकदा नीट वाचा. ती आपण भरतो. त्यामुळे टीमला जाण्यायेण्याचा खर्च, जेवणाचे पैसे, किट मिळतं का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याने मोठा आधार झाला. पण संध्याकाळी मूलहून शेवटची गाडी चुकली तर अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? आपल्या तालुक्यात अंधार पडल्यावर जंगलातल्या रस्त्याने कोणी एकटं येत नाही, वाघ-बिबट्याची भीती रोजची आहे. म्हणून सामन्याची वेळ सकाळची ठेवा आणि पोरींबरोबर बाई पाठवा, या दोन मागण्या आम्ही कॉलेजकडे सारख्या करतो. पळायचा सराव पहाटे अंधारात रस्त्यावर न करता उजाडल्यावर, पाच-सहा जणींनी मिळून, गावाजवळच्या मैदानावर करावा, हेही प्रत्येक बैठकीत सांगतो.

एक गोष्ट बऱ्याच आयांना माहीत नसते. अकरावी-बारावीची पोरगी कॉलेजच्या इमारतीत बसत असली तरी खेळासाठी ती शाळेतच धरली जाते. तिची वाट वेगळी. तालुका, मग जिल्हा, मग नागपूर विभाग, मग राज्य. तिथे १४, १७ आणि १९ वर्षांच्या आतले असे वयोगट असतात आणि हे काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय बघतं. बारावी झाली आणि बी.ए.ला नाव टाकलं की ती गोंडवानाच्या मंडळात येते. इमारत तीच, सरही कधी कधी तेच, पण शिडी दुसरी. आपल्या एका ग्रामसंघातली पोरगी बारावीत विभागापर्यंत खेळली होती. पुढच्या वर्षी घरच्यांना वाटलं, आता कॉलेजवाले आपणहून बोलावतील. कोणी बोलावलं नाही. तिने नावच दिलं नव्हतं.

म्हणून प्रवेशाच्या वेळी काही गोष्टी पक्क्या करा. विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेला नियमित, पूर्णवेळ प्रवेश लागतो आणि वय साधारण १७ ते २५. मधे दोन-तीन वर्षं शिक्षण थांबलं असेल, लग्न झालं असेल, तरी वयात बसत असेल तर पोरगी खेळू शकते. लग्न झाल्यावर खेळायचं नाही असा नियम कुठल्याच पुस्तकात नाही, तो आपल्या घरातला आहे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर सगळ्या कागदांवर एकच नाव ठेवा.

प्रमाणपत्रांचं तर फारच सांभाळा. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याला चालत नाही. कोणती स्पर्धा, कोणता क्रमांक, कोणत्या पदासाठी, हे नियमात ठरलेलं असतं आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा. कोणी एखाद्या खाजगी स्पर्धेचं प्रमाणपत्र पैसे घेऊन देतो म्हणाला तर लांब राहा. तपासात ते टिकत नाही आणि पोरीच्या नावावर डाग राहतो.

आपल्या पोरींमध्ये दम आहे की नाही, याची शंका आम्हाला नाही. २०१८ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. डिसेंबर २०२३ मध्ये देशभरातली शाळकरी मुलंमुली मैदानी स्पर्धांसाठी बल्लारपूरजवळ विसापूरच्या संकुलात आली होती. म्हणजे देश इथे येऊ शकतो. मग सिंदेवाहीची पोरगी मूलपर्यंत जाऊ शकत नसेल, तर अडचण पायात नाही, गाडीत आहे.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक काम करू. ज्या घरची पोरगी बारावीनंतर कॉलेजला आहे, त्या घरी विचारून यादी करा. पोरगी कोणता खेळ खेळते, कॉलेजमध्ये नाव दिलं का, क्रीडा शुल्काची पावती आहे का. यादी झाली की प्रभागसंघाकडून कॉलेजच्या क्रीडा सरांना भेटू. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक साधारण पावसाळ्यानंतर लागतं. धान कापणी आणि सामने एकाच वेळी येतात, तेव्हा कोणत्या तारखेला कोणाच्या घरी माणूस कमी पडणार, तेही त्याच यादीत लिहून ठेवा.