सुईच्या आधी येणारी मळमळ

‘काही होत नाही, पॉझिटिव्ह राहा!’ केमो चालू असलेल्या माणसाला दिवसातून किती जण हे ऐकवतात, कधी मोजून बघा. आमच्या आत्याने मोजलं होतं. एका रविवारी ११ जण.

आत्या तळेगाव ढमढेरेची (दाभाडे नव्हे हं, एक्स्प्रेसवेवालं ते वेगळं!). तिची केमो पुण्यात झाली. दर ३ आठवड्यांनी एक अशी ४ ‘लाल औषधं’, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, मग आठवड्याला एक अशी १२. जवळजवळ ६ महिने. आदल्या रात्री मी खराडीहून गावी जायचो आणि सकाळी तिला घेऊन निघायचो. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि मग वाघोलीचा तो सुप्रसिद्ध जॅम.

तिसऱ्या वेळी आत्याला वाघोलीतच उलटी झाली. सुई नाही, सलाइन नाही, हॉस्पिटल अजून लांब. घरच्यांचं निदान तयार: ‘मनाने घेतलंय.’ आत्यालाही तसंच वाटलं, आणि ते तिला उलटीपेक्षा जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले, याला अँटिसिपेटरी नॉशिया म्हणतात. शाळेतला पावलॉवचा कुत्रा आठवतोय? घंटा वाजली की लाळ. इथे स्पिरिटचा वास, नेहमीचा रस्ता, कधी नुसती तारीख. मन कच्चं नसतं, शरीर धडा शिकलेलं असतं. केमोनंतरची उलटी थांबवणाऱ्या गोळ्या या आधीच्या मळमळीवर फारशा चालत नाहीत. म्हणून पहिल्या केमोपासूनच उलट्या नीट आवरलेल्या बऱ्या. नंतर उपयोगी पडतात ते श्वासाचे आणि अंग सैल सोडण्याचे व्यायाम.

माइंडफुलनेस म्हटलं की आपल्याला एचआरचा मेल आठवतो, खरंय. पण १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये ८ आठवड्यांचा कोर्स सुरू केला तो जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी. मूळ बौद्ध ध्यानात. आपल्याकडे इगतपुरीला विपश्यना केंद्र १९७६ पासूनच आहे. (१० दिवसांचं मौन शिबिर केमोच्या मधे मात्र नको, आधी डॉक्टरांना विचारा.) कॅन्सर पेशंटवर याचे बरेच अभ्यास झालेत. चिंता, उदासी, झोप यात थोडा फरक पडतो. गाठ विरघळत नाही, आणि तसं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

आत्याला अमेरिकन आवाजातलं अ‍ॅप झेपलं नाही. काउन्सेलरने तिला सोपं शिकवलं: मळमळ हटवायची नाही, बघायची. कुठे आहे, किती आहे. वाघोलीत आल्यावर ती डोळे मिटून पुटपुटायची, ‘घशाशी आहे. आता छातीत. आता जरा कमी.’ दर वेळी उलटी टळली असं नाही. पण आदल्या रात्री जेवण जायला लागलं. केमोच्या दिवशी रात्री तीनपर्यंत टक्क जाग यायची, ती काळजीने नाही तर उलटीसाठी दिलेल्या स्टिरॉइडने, हे कळल्यावर तर तिचं निम्मं ओझं उतरलं.

आणि ते ‘पॉझिटिव्ह’? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००२ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासून पाहिले होते. लढाऊ वृत्तीने आयुष्य वाढतं किंवा हताशपणाने घटतं, याला ठोस पुरावा मिळाला नाही. मी हे सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, ‘म्हणजे रडलं तर चालतंय का रे?’ आणि खरंच रडली, मनसोक्त.

तुमच्याही गावाकडे कुणाची केमो चालू असेल, तर वीकएंडच्या फोनवर उपदेश नको. ‘आज काय नको वाटतंय?’ एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हॉस्पिटलमध्ये काउन्सेलर आहे का, स्वतः चौकशी करा, पेशंट सहसा विचारत नाही. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून मोफत सेवा देतंय, आणि पॅलिएटिव्ह म्हणजे फक्त शेवटचे दिवस नव्हेत, उपचार चालू असतानाही ती मदत घेता येते. रात्री-अपरात्री मन फारच बसलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही. ताप १००.४ च्या वर गेला तर मात्र श्वास-बिस सगळं बाजूला, थेट गाडी काढा.