नोकरी करणारी आई आणि मुलांच्या संवयी

सायंकाळीं सून कचेरींतून परतावी, तोंवर मुलानें अर्धा पुडा बिस्किटें फस्त करून मोबाइलपुढें ठाण मांडलेलें असावें, आणि आंतून "आई घरीं असती तर असें झालें नसतें" हा शेरा ऐकूं यावा. हा प्रसंग आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा असेल. या शेऱ्यास शास्त्राचा कांहीं आधार आहे काय, हें आम्ही पाहूं लागलों.

ब्रिटनमध्यें २००० ते २००२ या काळांत जन्मलेल्या हजारों मुलांची वाढ तान्हेपणापासून नोंदविली गेली आहे. त्यांपैकीं पांच वर्षांच्या १२,००० हून अधिक मुलांविषयींचा निबंध २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आया कधींच नोकरीस गेल्या नव्हत्या त्या मुलांच्या मानानें, नोकरी करणाऱ्या आयांचीं मुलें दोन जेवणांच्या मध्यें गोड पेयें अधिक पितात, दिवसांतून दोन तास वा अधिक पडद्यासमोर असतात, आणि शाळेंत मोटारीनें जातात, असें त्यांत दिसून आलें.

परंतु येवढ्यावर वडीलधाऱ्यांनीं विजयी मुद्रा करूं नये. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरते असें नव्हे. शिवाय आयांनीं नोकरी सोडावी असा आपला अर्थ नाहीं, आईबापांस साहाय्य मिळावें हा आहे, हें संशोधकांनीं स्वतःच स्पष्ट केलें आहे. त्या निबंधाच्या मथळ्यांत आईची नोकरी आहे, बापाची नाहीं. आमच्या घरींहि बोलणें तसेंच चालतें!

आतां एकत्र कुटुंबास अधिक झोंबणारी गोष्ट. याच मुलांवरील २०१० सालच्या दुसऱ्या निबंधांत, केवळ आईबापांनीं सांभाळलेल्या मुलांपेक्षां आप्तांनीं सांभाळलेलीं मुलें तिसऱ्या वर्षीं अधिक प्रमाणांत स्थूल आढळलीं, विशेषतः सुस्थितींतील घरांत. हे आप्त बहुतांशीं आजी-आजोबाच होते. आमच्या समजुतीप्रमाणें कारण उघड आहे: नातवंडास 'नको' म्हणणें आजीस जमत नाहीं, आणि मूल रडलें कीं डबा उघडतो.

डब्यांत काय आहे यावर मग सारें अवलंबून. ३३० मिलिलिटर कोला पेयांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं घालून दिलेली मर्यादा पाहतां पांच वर्षांच्या मुलाचा दिवसाचा वांटा जवळजवळ एवढ्यांतच संपतो. त्यापेक्षां भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे वा सकाळचीच पोळी-भाजी सकाळींच झांकून ठेवली, तर दुपारीं ती वाढण्यास आई घरीं असण्याची गरज नाहीं. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनत हवी, असेंहि तीच संघटना सांगते. आजोबा संध्याकाळीं फिरावयास जातातच. नातवाचे बूट दाराशीं काढून ठेवावे, इतकेंच.