'सारंग' हें आडनांव

गेल्या सहामाहींत आम्हीं मराठीच्या तासास 'माझें आडनांव' या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. मूळच्या कोंकणांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या 'सारंग' या आडनांवाचे अर्थ संस्कृत कोशांतून शोधून आणिले : हरिण, मोर, चातक, भ्रमर. त्यांतून त्यानें हरिण पसंत केलें. पणजोबा आगबोटीवर नोकरीस होते, असें एक वाक्य त्यानें आरंभीं लिहून मग खोडून टाकिलें होतें. त्या खोडलेल्या वाक्यासाठीं हा लेख आहे.

संस्कृतांत सारंग शब्द आहे, संगीतांत त्या नांवाचा रागहि आहे. परंतु बंदरावरचा सारंग निराळा. तो फारशींतील 'सरहंग' या शब्दापासून आला, व त्याचा अर्थ नायक. उच्चार एक झाला म्हणून कुळ एक होत नाहीं. शिवछत्रपतींच्या आरमाराच्या प्रमुखांत मायनाक भंडारी याच्या जोडीस सभासदाच्या बखरींत जो मुसलमान सरदार येतो, त्याचें नांवच मुळीं दर्यासारंग असें आहे. हाच शब्द पुढें 'सेरँग' होऊन इंग्रजींत गेला आणि मलायाच्या समुद्रांतहि रुळला.

इंग्रजी जहाजांवर हिंदी खलाशांचा जो मुख्य, तो सारंग. त्याच्या हाताखालीं टंडेल असे. (आमच्या किनाऱ्यावरील मच्छिमार होडीचा तांडेल मात्र स्वतःच धनी, तेथें त्याच्यावर कोणी नाहीं!) त्याशिवाय सामान सांभाळणारा कसाब व मग साधे खलाशी. इंजिनखोलींत आगवाल्यांचा सारंग वेगळा. गोरा अधिकारी हुकूम देई तो सारंगास, आणि सारंग तो रुपेरी शिटीनें व आपल्या बोलीनें खलाशांस पोंचवी. ही बोली कळल्यावांचून जहाज चालणें कठीण, म्हणून थॉमस रोबक यानें १८११ सालीं इंग्रजी व हिंदुस्थानी नाविक शब्दांचा एक स्वतंत्र कोशच छापिला.

खलाशी निवडण्याचें कामहि बहुधा सारंगाकडेच असे, व तो आपल्या गांवचीं, नात्यांतलीं माणसें नेई. सर्वच सारंग साधु होते असें आम्ही म्हणत नाहीं. नोकरी लावून दिल्याबद्दल दस्तुरी घेणारे व गरीब खलाशास कर्जांत बुडविणारेहि त्यांत होते. तथापि वादळांत आपल्या शेजाऱ्याचा मुलगा डोलकाठीवर चढवावयाचा, आणि परत गेल्यावर त्याच्या आईस तोंड दाखवावयाचें, हा भार त्याच्याच शिरावर होता. कप्तानास तो नव्हता.

जोसेफ कॉनरॅड या दर्यावर्दी लेखकानें 'दि एंड ऑफ द टेदर' या आपल्या दीर्घकथेंत असाच एक वृद्ध मलायी सारंग रंगविला आहे. कप्तानाची दृष्टि जात चालली आहे. ती गोष्ट लपवून तो सारंगाच्या डोळ्यांनीं जहाज हांकतो. वरच्या वर्गांतील मुलांनीं ती अवश्य वाचावी.

मुंबईस मशीद बंदराजवळ खलाशांसाठीं बांधलेलें 'इंडियन सेलर्स होम' आहे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत मेलेल्या व समुद्रावांचून दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचें तेथें स्मारक आहे. १९३९ ते १९४५ च्या युद्धांतील व्यापारी जहाजांवरच्या सुमारें सहा हजार खलाशांचीं नांवेंहि तेथें नोंदलेलीं आहेत. त्याच नामावलीची दुसरी प्रत चितगांवास आहे. एक जहाज बुडालें कीं सारंगाबरोबर एकाच गांवचीं कितीतरी घरें शोकांत बुडत, हें वर सांगितलेल्या भरतीच्या रीतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

निबंध परत करतांना आम्हीं हरिणावर काट मारली नाहीं. बाजूस इतकेंच लिहिलें : "हा दुसरा शब्द. खोडलेलें वाक्य पुन्हां लिहून आणावें. पणजोबा कोणत्या बोटीवर होते, तें घरीं विचारावें."