कबड्डीचा बाजार आणि संघाची बांधणी



आमच्या वार्तापत्रात मुख्याध्यापकांचे पान म्हटले की शिस्त, अभ्यास आणि परीक्षा हेच विषय येणार, असे तुम्ही गृहीत धरले असेल. या वेळी मात्र आम्ही कबड्डीवर लिहिणार आहोत. दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे आम्ही स्वतः कबड्डीचे वेडे आहोत. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून, घरापासून दूर झाले. तिथे आमचे मराठी ऐकून हसणारी मुले आमची पकड पाहून मात्र हसत नसत. दुसरे कारण जरा गंभीर आहे. ते लेखाच्या शेवटी सांगू.

आपल्या नंदगडात प्रो कबड्डी सुरू झाली की दोन तट पडतात. आपण कर्नाटकात राहतो म्हणून काही मुले बेंगळुरू बुल्सची, तर काही मुले पुणेरी पलटणची. आम्ही पलटणचे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण हा लेख बाजू घेण्यासाठी नाही. मोडलेला संघ पुन्हा कसा उभा राहतो, खेळाडूंचे करार म्हणजे काय, आणि लिलावात दिसणाऱ्या आकड्यांचा खरा अर्थ काय, एवढे समजावून सांगावे असा हेतू आहे.

लिलाव म्हणजे काय?

प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ पासून बारा संघ खेळू लागले. कोणत्याही संघमालकाला वाटेल तेवढा पैसा उधळता येत नाही. प्रत्येक संघाला खेळाडूंच्या मानधनासाठी ठरावीक रक्कम असते, तिला 'पर्स' म्हणतात. २०२३ च्या लिलावापासून ही पर्स ५ कोटी रुपये झाली. तेवढ्यात किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू बसवायचे. खेळाडूंचे अ, ब, क, ड असे गट असतात. त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख. बोली तिथून वर चढते.

लिलावाच्या आधी संघाला आपले काही खेळाडू कायम ठेवता येतात. त्यातही अनुभवी खेळाडू वेगळे आणि नवे तरुण खेळाडू वेगळे. या तरुणांना फार मोठी रक्कम द्यावी लागत नाही. सोडलेला खेळाडू लिलावात दुसऱ्याने घेतला, तर तीच शेवटची बोली देऊन त्याला परत घेण्याची सवलतही मर्यादित वेळा मिळते. थोडक्यात, घरातल्या गृहिणीचा महिन्याचा हिशेब असतो ना, तसाच हा हिशेब आहे. सणाला एक महागडी साडी घेतली की किराण्याला हात आखडावा लागतो.

एक गणित करून पाहू

२०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलू याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. आठवी-नववीच्या मुलांनी वहीत मांडावे. ५ कोटींपैकी २ कोटी ३५ लाख म्हणजे ४७ टक्के. उरले २ कोटी ६५ लाख आणि उरलेले खेळाडू किमान १७. सरासरी माणशी साडेपंधरा लाख पडतात. एका खेळाडूवर निम्मी तिजोरी रिकामी केली, तर बाकी संघ कच्चा राहणार, असे कोणीही म्हणेल.

त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. पवनने त्या हंगामात चढाईचे २०० हून अधिक गुण मिळवले. तरीही टायटन्स २२ सामन्यांत फक्त दोन जिंकून शेवटच्या क्रमांकावर राहिले. पुण्याचा संघ मात्र १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेता झाला. दोघांनीही तिजोरीचा निम्मा भाग एकाच माणसावर खर्च केला होता. मग फरक कुठे पडला?

फरक आधीच्या दोन-तीन वर्षांत पडला होता. २०१८ आणि २०१९ या दोन्ही हंगामांत पलटणला बाद फेरी गाठता आली नव्हती. त्यानंतर २०२१-२२ च्या हंगामात अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि त्याच्या जोडीला मोहित गोयत अशी कोवळी मुले पुढे आली. पंकज मोहिते आधीपासून होता. नाशिकचा आकाश शिंदे आला. संघाने या मुलांना धरून ठेवले. २०२२ च्या हंगामात इराणचाच फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना घेऊन त्याच्याकडे नेतृत्व दिले. त्या वर्षी संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि मुंबईत जयपूरकडून २९-३३ असा हरला. पुढच्या वर्षी फझलला सोडले, कर्णधार अस्लमला केले आणि शादलूला आणले. म्हणजे महागडा दगड बसवण्याआधी पाया भरलेला होता. टायटन्सनी कळस आधी आणला आणि पाया नंतर शोधत बसले.

अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी बाद केले आणि सामना फिरला. अस्लम त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. घरच्या मुलांनी करून दाखवले. आणि या संघाचे प्रशिक्षक कोण होते? आपल्याच कर्नाटकाचे बी. सी. रमेश. बुल्सच्या चाहत्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि पलटणच्या चाहत्यांनीही.

आमची मते

आता एक चाहता म्हणून आमची मते सांगतो. पटली नाहीत तर मधल्या सुट्टीत येऊन वाद घालावा, चहा पाजू.

पहिले मत. विजेतेपदानंतर पलटणने शादलूला सोडले, यावर पुष्कळ टीका झाली. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि त्याच हंगामात हरियाणा विजेता झाला. पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. टीकाकारांचे म्हणणे फेटाळता येणार नाही. ज्याने एका हंगामात पकडीचे ९९ गुण घेतले, त्याची जागा भरणे सोपे नव्हते. तरीही आमच्या मते केवळ शादलू गेला म्हणून संघ घसरला असे नाही. त्याच हंगामात कर्णधार अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो बाहेर बसला. एका वेळी बचावाचा कणा आणि चढाईचा कणा दोन्ही गेले, तर कोणता संघ उभा राहील?

दुसरे मत. गुडघा दुखावलेल्या अस्लमला संघाने सोडले नाही, हे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. बाजाराच्या हिशेबाने दुखापत झालेला खेळाडू म्हणजे जोखीम. पण पुढच्याच हंगामात, म्हणजे २०२५ मध्ये, तोच कर्णधार संघाला पुन्हा अंतिम फेरीत घेऊन गेला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दबंग दिल्लीने ३१-२८ असे हरवले, ही गोष्ट वेगळी. त्या सामन्यात आदित्य शिंदे या तरुण चढाईपटूने चांगली झुंज दिली. एक कडी निखळली तर दुसरी तयार असते, याला आम्ही बांधणी म्हणतो.

तिसरे मत थोडे कडवट आहे. आकाश शिंदेला जाऊ द्यायला नको होते. तो गेला आणि तोही बेंगळुरू बुल्सकडे! रमेश सरही तिकडेच गेले. आमच्या शाळेतल्या बुल्सवाल्यांनी त्या दिवशी आम्हाला मुद्दाम दोनदा नमस्कार केला. पण पर्स मर्यादित असते. सगळ्यांना धरून ठेवता येत नाही. हेही शिकायलाच हवे.

शेजारच्या गावचे उदाहरण

करार म्हणजे काय हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई घ्या. २०१८ च्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २०० हून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. आपल्या सगळ्या भागात त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील. त्यानंतरच्या लिलावात १ कोटी ३० लाख. मग खांद्याची दुखापत झाली आणि बहुतेक हंगाम बाहेर बसावे लागले. २०२२ च्या लिलावात त्याच सिद्धार्थची किंमत झाली २० लाख. तो खचला नाही. २०२३ मध्ये हरियाणाने त्याला १ कोटीला घेतले, आणि तो अंतिम सामन्यात आमच्या पलटणविरुद्ध उतरला.

३६ लाख, १४५ लाख, १३० लाख, २० लाख, १०० लाख. हे पाच आकडे मुलांनी आलेखावर काढून पाहावेत. माणूस तोच, गाव तेच, मेहनतही तीच. बदलला तो फक्त खांदा. लिलावातली किंमत ही माणसाची किंमत नसते. त्या हंगामापुरता तो संघाच्या किती उपयोगी पडेल, याचा तो अंदाज असतो. अंदाज चुकतो, वाढतो, पडतो. शिवाय जाहीर झालेली रक्कम जशीच्या तशी घरी येत नाही, त्यातून कर कापला जातो.

हॉकीतही आता हेच सुरू झाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंगला सर्वाधिक ७८ लाखांची बोली लागली. पूर्वी खेळाडूचा करार म्हणजे त्याची नोकरी असे. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये भारताचे गोल राखणारे शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे. त्यांना कोणी कोटी दिले नाहीत, पण निवृत्तीपर्यंत हुद्दा आणि मान दिला. आजही रेल्वे, सैन्यदल आणि पोलीस यांचे कबड्डी संघ आहेत. खेळाच्या जोरावर मिळालेली तिथली नोकरी खांदा दुखावला म्हणून लिलावात जात नाही.

आता दुसरे कारण

गेल्या वर्षी आमच्या कार्यालयात एक पालक आले. हातात छापील कागद होता. दूरच्या शहरातल्या कोणा माणसाने सांगितले होते की शिबिरासाठी अमुक रक्कम भरा, मुलगा दोन वर्षांत लिलावात जाईल, हमी आमची. शिबिर नेमके एस. एस. एल. सी. परीक्षेच्या वेळी होते. मुलगा चांगला खेळतो, हे आम्हीही जाणतो. पालकांनी शेताचा एक तुकडा गहाण ठेवायची तयारी केली होती.

आम्ही तो कागद दोनदा वाचला. त्यात पैसे कधी भरायचे हे तीन ठिकाणी होते. हमीचा शब्द एकदाही नव्हता. आम्ही त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. त्याच आज सर्वांसाठी लिहीत आहोत.

एक, लिलावात घेण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. बोली लावणारे बारा संघ असतात, शिबिरवाला नव्हे. दोन, १८ वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे मुलाकडून सही घेणाऱ्यापासून सावध राहावे आणि स्वतः सही करण्याआधी जाणत्या माणसाकडून कागद वाचून घ्यावा. तीन, खेळाडू वर येण्याचा रस्ता आपल्या दारातूनच जातो. शाळा, क्लस्टर, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य. या रस्त्यावर शेत गहाण ठेवावे लागत नाही.

ते पालक काही न बोलता उठले. आम्हाला वाटले, रागावले. चार दिवसांनी मुलगाच आला आणि म्हणाला, "सर, परीक्षेला बसतो. पण सकाळचे मैदान बंद करू नका." मैदान आम्ही बंद केले नाही. तो पास झाला, आता पी. यू. सी.ला आहे आणि अजून खेळतो. पुढे तो लिलावात दिसेल की नाही, हे आम्ही सांगणार नाही. तशी हमी देणाऱ्यांवरच तर आम्ही टीका केली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, खेळा. भरपूर खेळा. आमच्या लहानपणी मॅट नव्हती, लाल मातीत गुडघे फोडून घेतले, त्याचा पश्चात्ताप नाही. पण संघबांधणीचा जो नियम पुण्याच्या संघाने पाळला, तो स्वतःलाही लावा. आधी पाया, मग कळस. तुमची पर्सही मर्यादित आहे. तिच्यात वेळ आहे, शरीर आहे आणि आई-वडिलांची कमाई आहे. सगळी एकाच बोलीवर लावू नका. थोडी पुस्तकासाठी राखून ठेवा.

आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी मैदानावरून उशिरा आली तर लगेच रागावू नका. आधी हात-पाय धुवायला सांगा, मग गृहपाठ विचारा. कोणी कागद घेऊन आले, तर सही करण्यापूर्वी एकदा शाळेत या. आमच्या कार्यालयाचे दार उघडे आहे.

सर्वांना पुढील क्रीडा हंगामासाठी हार्दिक शुभेच्छा!

— मुख्याध्यापक