घाटातल्या माणसांचा इतिहास कोण लिहिणार?

पळसदरीला लोहमार्गाच्या दोन वाटा फुटतात. एक खोपोलीला जाते, दुसरी घाट चढून खंडाळ्याला. यातली खोपोलीची वाट जुनी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ मध्ये तिथवर पोचली. वर खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला पळसदरी ते खंडाळा हा टप्पा मात्र रखडला. मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. सलग मार्ग खुला झाला तो १८६३ मध्ये.

या टप्प्याचा हिशेब इंजिनिअरांनी चोख लिहून ठेवला आहे. लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५, आणि सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांत एक फूट. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि त्याच वर्षी, आल्यावर थोड्याच दिवसांत आजारानं वारला. मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं. या साऱ्यांची नावं, हुद्दे, पत्रव्यवहार आपल्याला मिळतात.

मजुरांचं काय? १८६१ च्या उघाडीच्या दिवसांत घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती. त्यांच्यात पटकीची साथ फिरली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून त्यांचा उद्रेक झाला. हे सगळं आपल्याला कळतं ते साहेबांच्या अहवालांतून. त्याची नेटकी मांडणी केली ती कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या इयान कर या इतिहासकारानं. भारतातल्या रेल्वेबांधणीवरचं त्यांचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. मोठं काम आहे ते, आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण पुढचे प्रश्न इथल्या माणसानं विचारायला हवेत. मजूर कुठल्या गावांचे होते? मुकादम कोण होते? काम संपल्यावर कोण देशावर परतलं, कोण खाली कर्जत-खालापुरात राहिलं? कातकरी आणि ठाकर वाड्यांमधल्या म्हाताऱ्यांकडे घाटाच्या काही आठवणी उतरल्या आहेत का?

हे काम हौसेनं रविवारी करण्याजोगं नाही. कागद मुंबईत आहेत, काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात. बरेचसे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. शिवाय त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे तालुक्याची माहिती १८८२ च्या ठाण्याच्या गॅझेटिअरात शोधावी लागते. रायगड किंवा जुना कुलाबा धुंडाळणारा नवखा अभ्यासक तिथेच महिनाभर चकतो. इंग्रजी दप्तरात खोपोली ‘कँपुली’ होऊन बसली आहे. मोडी आली पाहिजे ती वेगळीच. म्हणजे हवे आहेत दिवस, आणि त्या दिवसांत घर चालवणारा पैसा.

अभ्यासकाला असा पैसा देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि ती सुरू झाली याच घाटाच्या माथ्यापलीकडे. तळेगावच्या दाभाड्यांनी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायला सुरुवात केली, पुढे पेशव्यांनी ती श्रावणात पुण्याला चालवली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तो निधी एकदम मोडला नाही. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की, यातला काही पैसा मराठी ग्रंथांना द्या. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी आली, कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तिघेही दक्षिणा फेलो होते. विशी-बाविशीतल्या पोरांना शिकवण्याबरोबर वाचायला सवड मिळाली आणि त्या सवडीतून मराठी मुलखाची अर्धी विद्वत्ता उभी राहिली, असं म्हणायला मी कचरणार नाही.

याच कमिटीकडे १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवलं होतं. ते नाकारलं गेलं. कमिटीतल्या भट सभासदांपुढे युरोपियनांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद केलं आहे. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवरचं ते नाटक छापलं जाण्यासाठी विसावं शतक उजाडावं लागलं.

आज परिस्थिती बदलली आहे, हे मनापासून म्हणावंसं वाटतं. नेटमधून जेआरएफ मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२ हजार. दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहे. पुण्याची बार्टी आणि सारथी, नागपूरची महाज्योती या संस्था पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात, आणि महाज्योतीच्या अधिछात्रवृत्तीला नाव आहे महात्मा जोतीराव फुल्यांचं. लंडनच्या कागदांसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट थोड्या मुदतीची मदत करतो.

अडचण आहे ती वाटणीत. जेआरएफसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षं. जिचं शिक्षण लग्नानं किंवा नोकरीनं मध्येच तुटलं, तिला सवलतीची पाच वर्षंही पुरत नाहीत. मानव्यविद्येच्या अभ्यासकाला किरकोळ खर्चासाठी पहिली दोन वर्षं सालाला १० हजार रुपये. त्यात दप्तराच्या प्रती, पुस्तकं, प्रवास सगळं बसवायचं. आणि अधिछात्रवृत्तीचे हप्ते थकले, तर पहिला बळी जातो तो अभिलेखागारातल्या दिवसांचा, कारण भाडं आणि मेस थांबत नाही. घरून आधार असलेला विद्यार्थी हा काळ काढतो. वाडीवरून आलेली मुलगी शिकवण्या धरते आणि प्रबंधाचा विषय छापील पुस्तकांवर भागेल असा निवडते. माझ्या मते एकोणिसाव्या शतकाच्या अभ्यासाचं खरं नुकसान इथे होतं. विषयच लहान होतो.

पळसदरीपुरतं बोलायचं तर एका अभ्यासकाला दोन वर्षं पुरतील. पहिलं वर्ष मुंबईच्या दप्तरात, रेल्वे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बाडांवर. कर्जतहून लोकलनं दोन तासांत तिथे पोचता येतं. दुसरं वर्ष वाड्यांमध्ये, ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन, खालून खोपोलीपर्यंत आणि वर खंडाळ्यापर्यंत. आजच्या दरानं त्याचं मानधन नऊ लाखांच्या आत बसतं. ते दरमहा एक तारखेला मिळालं पाहिजे. प्रतींचा आणि प्रवासाचा खर्च त्यातून कापला जाता कामा नये. आणि प्रबंध मराठीत लिहायची मुभा असावी, म्हणजे ज्यांच्याकडून आठवणी घेतल्या, त्यांच्या नातवंडांना तो वाचता येईल.